खिळ्यांचा पट्टा सुदर्शनला

मी, हौशीराम भागूजी खांडगे, वय सदुसष्ट, धंदा शेती, राहणार पिंपळवंडी, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे कोणी दाबून लिहवून घेतलेले नाही. माझी बायको साळुबाई हिला बिबट्याने मारले तेव्हापासून हे मनात होते. घराजवळचा ऊस तोडणीला येण्याआधी लिहून ठेवतो.

१. राहते घर मुलगा सुदर्शन याचे. मागची खोली मुलगी वृषाली घोडेगावहून येईल तेव्हा तिची. तिला तिथे कोणी पाहुणी म्हणू नये.

२. घराला लागून असलेला मळा सुदर्शनला, पण एका अटीवर. घरापासून मधल्या बांधापर्यंत पुन्हा ऊस लावू नये. बाजरी, भुईमूग, कांदा, ज्यात बसलेले माणूस दिसते तेच लावावे. अट मोडल्यास मळा वृषालीचा.

कारण लिहितो. पूर्वी इथे बाजरी होती, पलीकडे काटवन, आणि वाघ (बिबट्याला आम्ही वाघच म्हणतो) डोंगरात. कालवा आला, काटवन तोडले, नदीपासून उंबऱ्यापर्यंत ऊस केला. त्यात वाढलेल्या जनावराने डोंगर पाहिलेला नाही. ते उसालाच रान समजते. साळू भिंतीशी बसून घास कापत होती. बसलेले माणूस त्याला शेळीएवढे दिसते. त्याने तिचा गळा फोडला आणि सरीतून ओढत नेले. मला आणि या कागदाचे साक्षीदार शौकतभाई यांना ती सापडली तेव्हा विळा मुठीतच होता. मानेवर मांस नव्हते.

सुदर्शन तेराव्याला म्हणाला, “दादा, समदं शिवार ऊस हाय. आपण एकट्यानं बाजरी लावली म्हंजी वाघ डोंगरात जाणार हाय व्हय?”

मी म्हणालो, “न्हाई जाणार. पण तुझी बायको भिंतीशी बसंल तवा दिसंल.”

तो उठून गेला. म्हणून अट लेखी केली.

३. माझी कुऱ्हाड आणि कोयते चुलत भाऊ चिमाजी याला मागितले तरी देऊ नयेत. दहाव्यानंतर त्याने माणसे जमवून त्याचा उसाचा फड पेटवला, चारी बाजूंनी. फड पेटवताना एक बाजू मोकळी ठेवायची रीत आहे, कोल्हा, ससा, असेल ते निघून जाते. त्या दिवशी ठेवली नाही. बिबट्याची मादी तोंडात पिल्लू धरून जळत बाहेर आली. चिमाजीने तिच्या पाठीत कुऱ्हाड घातली. मागचे पाय गेले, तरी ती पुढच्या दोन पायांवर पिल्लाकडे सरकत होती. पोरांनी दगडांनी तिचे डोके चेचले. पिल्लू बुटाखाली मेले. तिचा पंजा साळूला नेले त्या दिवशी माझ्या अंगणात उमटलेल्या पंज्यापेक्षा लहान होता. चिमाजी मला म्हणाला, “वयनीचा बदला घेतला, पेढे वाट आता.” तो बदला साळूच्या नावावर कोणी सांगू नये. चिमाजीने माझ्या तिरडीला खांदा देऊ नये.

४. आत्ता उभा असलेला ऊस आग न लावता तोडावा. तोडणी घराच्या बाजूने सुरू करावी, नदीकडची बाजू शेवटपर्यंत सोडावी. आत जे असेल त्याला जाऊ द्यावे. ज्याने साळूला नेले तोही असेल.

५. बिबट्याने गळा धरू नये म्हणून वनखात्याने गावात माणसांना वाटलेला खिळ्यांचा पट्टा. साळूने तो घातला नाही. “ह्यो तर मेंढक्याच्या कुत्र्याचा पट्टा. मी काय कुत्री हाय का?” मी हसलो होतो. आता मी तोच गळ्यात घालून जेवतो. मला जाळण्याआधी तो काढावा आणि सुदर्शनला द्यावा. घराशी ऊस उभा आहे तोवर त्याने ओट्यावर बसताना तो स्वतः घालावा, सुनेच्या किंवा नात संस्कृतीच्या गळ्यात घालू नये. भिंतीजवळचा शेवटचा ऊस तुटेल त्या दिवशी तो आपल्या कुत्र्याला बांधावा. तो त्याचाच आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोघांच्या समोर सही केली.

हौशीराम भागूजी खांडगे

साक्षीदार:
१. शौकत इब्राहिम आतार (सही)
२. ठकूबाई सखाराम खांडगे, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

पिंपळवंडी, २ डिसेंबर २०२५