घरगाडीमागं छोटी गाडी

९ नोव्हें., रवि.
पहिल्या फेरीचा खरा हिशेब. डिझेल धरलंच होतं. रिक्षा धरल्या नव्हत्या, त्या डिझेलच्या वर गेल्या. शाळेच्या जुन्या बसची घरगाडी केली. पलंग, शेगडी, संडास सगळं बसवलं. पण ती कुठल्याच गावाच्या आळीत शिरत नाही. लांब मैदानात उभी करायची, तिथून रिक्षा. हिचे गुडघे दुखरे, रिक्षाचे धक्के सोसत नाहीत. मी गाव बघितलं, हिनं खिडकीतून मैदान. राहुरीत उतरता उतरता म्हणाली, "पुढच्या टायमाला तुमी एकलेच जा. मला राखनीला बसवू नका."
हे परवडणारं नाही. एकट्यानंच बसायचं तर ट्रॉल्यांचं वर्कशॉप काय वाईट होतं.

११, मंगळ.
उसाचा ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढतो. मग घरगाडीमागं आपली छोटी गाडी का नको? बस गावाबाहेर लावायची, गाडी सोडायची, हिला थेट दारात. पुण्याला संदीपला फोन केला. पोरगं म्हणालं, बाबा, हा वेडेपणा आहे. म्हटलं, ट्रॉल्या बनवूनच तुला इंजिनिअर केला. म्हणाला, म्हणूनच सांगतोय.

१४, शुक्र.
आरटीओची कामं करणारा एजंट चहाला. हे चालतं का, विचारलं. "बंद पडलेली गाडी ओढता येते, शेठ. चालू गाडी का ओढताय, हे लेखी विचारायला जाऊ नका." म्हणजे त्यालाही माहीत नाही.
हूक, दांडा वर्कशॉपातच केला. पिन स्वतः बसवली.

१७, सोम.
आवारात चकरा. वळते झकास. मागं घेता येत नाही, दांडा तिरपा होतो. तेवढ्यापुरती सोडायची.
हिनं विचारलं, मागं काही झालं तर तुम्हाला कळणार कसं? म्हटलं, अगं, रस्त्यानं ट्रॉली गेली तर जेवता जेवता सांगतो, बेअरिंग कुणाचं गेलंय. मागं खुट्ट झालं तरी पहिलं मला ऐकू येईल. हसली.
खर्ड्याला जायचं ठरलं, अक्कांकडे. हिची थोरली बहीण, घर अरुंद बोळात. "दारात उतरवनार आसाल तर येते."

२०, गुरु. मिरजगाव
रस्ता लांबचा पण रुंद धरला. नगर सोडल्यावर ही म्हणाली, कायतरी जळतंय. म्हटलं, उसाचं पाचट पेटवलं असेल कुणी. मिरजगावच्या अलीकडे एक मोटारसायकलवाला खिडकीशी आला. "काका, मागची गाडी धुपतीय."
हँडब्रेक अर्धा ओढलेला. सकाळी चाकाखालचा दगड काढला नि निघालो. ट्रॉलीला दगडच असतो, हँडब्रेक कुठला. ब्रेकचे लायनर जळाले, ड्रम तापून निळे पडले. गाडी इथल्या गॅरेजात ठेवली. आता नुसती बस घेऊन पुढं. ही खिडकीकडे तोंड करून बसली. पण परतही चला म्हणाली नाही.

२२, शनि. खर्डा
बस बोळाच्या तोंडाशीच अडली. मग अक्काच काठी टेकत आल्या, पायऱ्या चढल्या, शेगडी पेटवून चहाला लागल्या. म्हणाल्या, "पाव्हनं, घर लई झाक हाय. दारात आनायची काय गरज?" दोघी बहिणी पलंगावर पाय पसरून. मी खाली ओट्यावर. बरं वाटलं.

२४, सोम. राहुरी
ड्रायव्हर एक, गाड्या दोन. मिरजगावात दुरुस्त झालेली छोटी गाडी येताना ओढूनच आणली. हँडब्रेक हिनं स्वतः खाली केला, पुन्हा हात लावून पाहिला. संदीपला कळवलेलं नाही.
घरी आल्यावर विचारलं, दांडा काढू का ठेवू? म्हणाली, बघू. थोड्या वेळानं तांदूळ निवडता निवडता: "मागनं आवाज तर नगरच्या आदीपास्नं येत हुता."
मग बोलली का नाहीस?
"तुमाला पहिलं ऐकू येनार हुतं ना. मी आपली वाट बघत बसले."
कसला आवाज, ते मला अजून माहीत नाही.