हळद घातलेल्या रेडिएटरबाबत

गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटे. हातकणंगल्याच्या अलीकडे, रस्त्याच्या डाव्या कडेला, सावली नसलेल्या जागी.

कोल्हापूर,
मंगळवार, २४ फेब्रुवारी

श्री. जयसिंग भावोजी यांस,

संयोगितावहिनीचा नमस्कार. तारीख आणि वेळ आधी घातली आणि नमस्कार नंतर, याचा राग मानू नये. तक्रारीचं पत्र असंच लिहायचं, आधी कधी आणि कुठे, मग रडारड, असं आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवलं होतं. तुमच्या उजव्या हाताचा फोड कसा आहे? त्याला टूथपेस्ट लावू नका (लावून झाली असेलच). आमच्या जाऊबाईंच्या, अक्षताच्या, गुडघ्यांना आराम पडला असावा. माझी प्रकृती उत्तम आहे, म्हणजे झोप नाही, जेवण जात नाही आणि घरात दिवसभर कुणाशी भांडायचं हा प्रश्न आहे.

परवा कागलला धैर्यशीलच्या वास्तुशांतीला पंगत बसलेली असताना, मी पाच पानं सोडून बसले होते हे ठाऊक असूनही, तुम्ही मोठ्या आवाजात सांगितलंत की वहिनींनी रेडिएटरकडे लक्ष दिलं नाही, गाडी वाटेत उकळली, आत्याबाईंचं तीर्थ वाया गेलं, आणि आता त्यांना गाडी झेपत नाही म्हणून किल्ली तुम्ही ताब्यात घेतली आहे. लोकांनी माना डोलावल्या. एका बाईंनी माझ्या पानात न मागता जिलबी वाढली. भावोजी, मी दूरध्वनी खात्यात एकतीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकून घेतल्या आहेत. माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याचा आवाज कसा मोठा होतो हे मला फोनवरूनही कळायचं. तुम्ही तर समोर बसला होता.

म्हणून जे घडलं ते लिहून ठेवते. ही गाडी ह्यांची. ह्यांनी सतरा वर्षं तिच्या रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घातलं नाही, कारण आपल्या पाण्याने आतल्या बारीक नळ्यांत क्षार साठतात. इंजिन गार असताना, सकाळी, बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीतली हिरव्या कूलंटची पातळी बघायची, आणि दर दोन वर्षांनी सगळं कूलंट बदलायचं (माझा वाढदिवस विसरायचे, पण ही तारीख नाही). हे गेले आणि मी चौसष्टाव्या वर्षी गाडी शिकले. तुम्ही तेव्हा म्हणाला होता, शिकू द्या, चार दिवसांची हौस हाय. त्या हौसेला आता चार वर्षं झाली. दर महिन्याला मी आजऱ्याला आत्याबाईंकडे जाते, त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते आणि संध्याकाळच्या आत घरी येते. कुणाची वाट बघायची नाही, कुणी आणून सोडायचं नाही. माझ्याकडे अभिमानाची म्हणून एवढी एकच गोष्ट उरली होती.

सोमवारी, नऊ तारखेला, फरशीवर गाडीच्या नाकाखाली हिरवे थेंब दिसले. मी लगेच तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, एसीचं पाणी असतंय. एसीचं पाणी हिरवं नसतं, हे मी त्याच फोनवर दोनदा सांगितलं. आधी दाखवून घेऊ, मग वाडीला जाऊ, असंही म्हणाले. पण आत्याबाईंनी नृसिंहवाडीच्या संगमाचं पाणी मागितलं होतं, त्यांचं वय एक्क्याण्णव, आणि गुरुवार चुकवायचा नाही असं तुम्हीच ठरवलंत. शिवाय हायवे आहे म्हणून गाडीही तुम्हीच चालवणार, हे गेटपाशी येऊन हात पुढे करून ठरवलंत. जाताना कूलंटची बाटली मी काठोकाठ भरून घेतली होती. (हे कृपया कागलच्या पंगतीला कळवावे.)

परत येताना बॉनेटमधून वाफ आली. मी म्हणाले, अर्धा तास थांबू, गार होऊ दे, झाकणाला हात लावू नका. तुम्ही म्हणालात, वहिनी, तुम्ही सावलीला उभं ऱ्हावा की. सावली नव्हती. तुम्ही रुमाल गुंडाळून झाकण फिरवलंत आणि पुढे जे झालं त्यावर तुमच्या हाताचा फोड साक्षीला आहे. दोन तरणे मोटारसायकलवाले थांबून, पावणं, फुटलं का काय, असं विचारून गेले, आणि तुम्ही त्यांना, काय न्हाय, जरा तापलीया, असं हसून सांगितलंत.

त्यानंतर तुम्ही दुकान शोधायला निघालात. मला वाटलं मलमासाठी. तुम्ही हळदीचं पाकीट घेऊन आलात. रेडिएटर गळत असेल तर हळद टाकायची, ती फटीत जाऊन बसते, ट्रकवाले सगळे असंच करतात, असं तुम्ही सांगितलंत आणि अख्खं पाकीट रिकामं केलंत. मी म्हणाले, पाणी कुठंय? तेव्हा तुमची नजर मागच्या सीटवरच्या कॅनकडे गेली. मी आडवी झाले. मी अक्षरशः गाडीच्या दारात हात पसरून उभी राहिले, अडुसष्टाव्या वर्षी, हमरस्त्यावर, पदर उडत असताना. तुम्ही म्हणालात, देवाचंच पाणी हाय, गाडी काय नको म्हणतीया? आणि आत्याबाईंचं पाच लिटर तीर्थ हळदीवर ओतलंत. कुंकू तेवढं राहिलं.

आता तुमच्या हळदीने गळती थांबली, हे मी मान्य करते. तिने आतल्या नळ्याही तुंबवल्या. पाऊण तासाने आपण निघालो आणि शिरोलीच्या अलीकडे गाडी जी उकळली ती ट्रकला बांधूनच उद्यमनगरला गेली. सोमवारी, सोळा तारखेला, मी रिक्षाने जोतीराम मिस्त्रीच्या गॅरेजवर गेले. रेडिएटर काढून त्याने उलटा केला, त्यातून घट्ट पिवळं काहीतरी पडलं, आणि त्याने वर बघून विचारलं, “काकी, ह्यात पिठलं कुणी शिजवलंय?” मी म्हणाले, दिरांनी. तो म्हणाला, “मग भाकरी बी टाकायची की.” गॅरेजमधली चार माणसं हसली. त्यांच्याबरोबर मीही हसले, आणि घरी येऊन ह्यांच्या फोटोकडे पाठ करून बसले.

नवा रेडिएटर बसवला, थर्मोस्टॅट बदलला, पाइप बदलले. इंजिनचं हेड थोडक्यात वाचलं, असं जोतीराम म्हणाला. आणखी दोन किलोमीटर गाडी रेटली असती तर इंजिनच गेलं असतं. जुना रेडिएटर मी पुरावा म्हणून घरी आणला आहे. व्हरांड्यात कागदात गुंडाळून ठेवलाय, आणि आल्यागेल्याला हळदीचा वास येतो. शनिवारी तुम्ही मोठेपणाने गाडी आणून दारात लावलीत आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकून कागलला गेलात. काळजीपोटी, असं म्हणालात. गाडी दारात आहे आणि मी खिडकीतून तिच्याकडे बघते. मध्यंतरी एसटीने वाडीला जाऊन नवा कॅन भरून आणला. उभ्यानेच आले. कॅनला बसायला जागा मिळाली.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात: किल्ली परत करावी. आणि रेडिएटर तुमच्या हळदीने तुंबला, माझ्या दुर्लक्षाने नाही, हे तुमच्या सहीने लिहून द्यावे. मी ते धैर्यशीलकडे पाठवीन, पंगत त्याच्याच घरची होती. फोन करू नये, मी उचलणार नाही. फोनवर माणसं काय काय कबूल करतात आणि नंतर काय म्हणतात, हे मला एकतीस वर्षं ठाऊक आहे.

घरातल्या सगळ्यांना यथायोग्य. राग आहे, पण तो आपल्या माणसावरच करता येतो.

तुमची
संयोगितावहिनी

ता. क. किल्ली टपालाने पाठवू नका, हरवेल. शिवाय दुसरी किल्ली माझ्या कपाटात आहे, पहिल्या दिवसापासून. तुम्हाला ते आठवलं नाही आणि मी आठवण करून दिली नाही. चार दिवस ती रोज हातात घेते आणि परत ठेवते.

पुन्हा ता. क. वरचं सगळं खरं आहे. एक गोष्ट लिहायची राहिली. हळद घातल्यावर आपण निघालो आणि अतिग्रे गेल्यावर तुम्ही, बाईमाणसाला इंजिनातलं काय कळतंय, असं काहीतरी बोलत होता. तुमचा जवळचा चष्मा खिशात होता. मध्येच तुम्ही विचारलंत, वहिनी, तेवढा काटा कुठं हाय बघा की. मी वाकून बघितलं. तापमानाचा काटा लाल रेघेवर होता. मी म्हणाले, मध्यावर आहे. त्यानंतर शिरोलीपर्यंत मी बाहेर ऊस बघत बसले. ह्यांची गाडी उकळत होती हे मला ठाऊक होतं, आणि तुमचं चुकलेलं मला बघायचं होतं.

काटा मध्यावर आहे असं मी म्हणाले होते, हे तुम्ही पंगतीत सांगितलं नाही. अक्षतालाही सांगितलेलं दिसत नाही, नाहीतर तिने मला फोन केला असता. चष्म्याची लाज वाटली म्हणून सांगितलं नाहीत, की माझी अब्रू राखलीत, हे मला कळत नाही. आत्याबाई रोज फोनवर विचारतात, कधी येतीस गं, आणि आता त्यांचा आवाज फार खाली गेला आहे. शनिवारी सकाळी सातला मला आजऱ्याला निघायचं आहे. गाडी मी चालवीन, पण त्या काट्याकडे एकटीने बघायचं धाडस मला होत नाही. तुम्ही शेजारी बसायला येणार का, आणि पंगतीत त्या काट्याबद्दल गप्प का राहिलात, दोन्हीचं उत्तर लेखी हवं, शुक्रवार, २७ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत.