भात आणि साखर

१२ डिसेंबर
आजही भात आणि साखर. दुसरं काही नाही! भाताला वरण लागलेलं दिसलं आणि रोशननं ताटच सरकवलं. पाच वर्षांचं पोर, पण तोंड असं आवळतो की चमचा आत जात नाही.
सासूबाई म्हणाल्या, "सावत्र हात हाय. पोराले समजते."
त्याची आई वारली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. इंद्रजितशी लग्न होऊन मी या घरात उन्हाळ्यात आले. त्याआधी तो काय खायचा, ते कुणी सांगत नाही.

१३ डिसेंबर
इंद्रजितनं ठरवलंय — रोशन पोटभर जेवेल तेव्हाच मी जेवायचं. "आन् तो नीट खात नाई तोवर माहेरी जायचं नाई." हसत म्हणाले, म्हणून मला गंमत वाटली. दुपारी सासूबाईंनी भाकरीचा डबा उचलून आपल्या खोलीत नेला.

१६ डिसेंबर
दार लावून घेतलं, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून. सासूबाईंनी त्याचे पाय धरले. घास मी कोंबला. मी! त्यानं डोळे गच्च मिटले आणि सगळं माझ्या अंगावर ओकला. मग हुंदके देत स्वतःच फडकं घेऊन पुसायला लागला.

१७ डिसेंबर
पुन्हा नाही. काही झालं तरी नाही.

२२ डिसेंबर
अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. रोशन येऊन बसला. मी मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानं शेंग उचलली, वास घेतला, दातानं फोडली. दाणा जिभेवर ठेवला — थुंकला. मी सोलत राहिले. थोड्या वेळानं दुसरा दाणा. हा गिळला!
"गोड हाय," असं शेंगेलाच म्हणाला.
मला रडू आलं. पदरानं नाक पुसलं आणि पुन्हा सोलायला लागले.

२६ डिसेंबर
काल त्यानं स्वतःच भातावर हिरवे दाणे टाकून घेतले. आज माझ्या हातातला पेरू चाटून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि पळाला. पळू दे! उद्या परत येईल.
सासूबाईंना सांगितलं, पोटभर जेवला. खोटंच. पण मलाही भूक लागते.

३० डिसेंबर
संपलं सगळं. सासूबाईंनी शेंगा पाहिल्या. "कच्चं चारून राह्यली काय? ढोर हाय काय तो?" इंद्रजितला दुकानातून बोलावलं. त्यांनी पोराचे हात धरले, सासूबाईंनी मेथीची भाजी कोंबली. घास अडकला, तोंड निळं पडलं — मी दोघांना ढकलून त्याला उपडं केलं, पाठीवर थापा मारल्या. घास बाहेर आला.
मग इंद्रजितनं माझं मनगट पिरगाळलं. पेन धरताना अजून दुखतं. "मधात काहून पडली?"
रोशननं रात्री भातही नको म्हटलं.

२ जानेवारी
नुसतं दूध. तेही माझ्या मांडीवर, पलंगाच्या मागे बसून.
इंद्रजितनं मथुराबाईंना फोन लावला. रोशनच्या आईची आई, पांढरकवड्याला असतात. "घेऊन जा तुमचा नातू. हिच्यानं एक पोरगं सांभाळनं झालं नाई."
मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. पोराच्या बरगड्या पाहून त्या मला काय म्हणतील? आणि म्हणाल्याच काही, तर मी काय सांगू? घास मीही कोंबला होता.
तो गेला की या घरात मी एकटी. मग मला उपाशी ठेवायचे नियम कुणाच्या नावानं लावतील?

५ जानेवारी
आर्णीच्या स्टँडवर बसून लिहितेय, रोशन मांडीवर आहे. मथुराबाई आल्या, पोराला पाहिलं, मग माझं सुजलेलं मनगट पाहिलं. म्हणाल्या, "माह्या पोरीचा हात बी असाच दिसला होता, बाई. पडली म्हने. म्या खरं मानलं. ऊठ, तुहे कपडे बी घे." इंद्रजित दुकानात होते; सासूबाई दारात आडव्या आल्या. मथुराबाईंनी त्यांना हातानं बाजूला सारलं.
पांढरकवड्याची गाडी लागली.