बुटक्या केंडांची जोडी

१४ जानेवारी २००४
काचेची टाकी अठराशे. पाणवनस्पती नि शेवाळ सव्वादोनशे. बुटके केंड मासे, एक नर, एक मादी – एकशे साठ. मुंबईपासून पिशवी मांडीवर. वाटेत प्रत्येकाला "खायचे नाहीत, बघायचे आहेत" सांगून घसा बसला, त्याचं औषध बावीस. बायकोचं, शालनचं मन रमावं म्हणून आणले. ती चार दिवस गप्प आहे. ते कुठल्या खात्यात मांडू?

१९ जानेवारी
काशीराम तांडेल घराशेजारच्या माझ्या कारखान्यातून होडीसाठी बर्फ न्यायला आला तो टाकीशीच उभा. "शेट, केंड आमची जाळी कुरतडतो. आम्ही शिव्या घालून फेकतो त्याला. तुम्ही काचेच्या बागेत बसवलात?"
म्हटलं, हा गोड्या पाण्यातला. वाटाण्याएवढा. घरात अंडी घालतो.
"मग कालवण कितीसं होणार?"
आतापर्यंत अकरा जणांनी हेच विचारलं.

२ फेब्रुवारी
अंडी नाहीत. विहिरीवरच्या बारीक गोगलगायी आणून घातल्या – कवचासकट फोडून खातात. मादी गुबगुबीत झाली. नर शेवाळामागे बसून एकेक डोळा वेगळा फिरवतो.
मादीच थंड दिसते.

८ फेब्रुवारी
तुळसाआक्का आली. माझी थोरली बहीण, पण न्यायाधीश म्हणून नेमणूक झाल्यासारखी बसते. आधी टाकीकडे बघितलं, मग शालनकडे. "दत्त्या, वाफाच नापीक असेल तर बियाणं काय करील?"
शालन चहा ठेवायला उठली. चहा काही आला नाही.
वीस मार्चला शालनचं दुसरं ऑपरेशन, मुंबईला. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. गेल्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं होतं, "तुमची तपासणी?" "झाली, चोख आहे," म्हणून मोकळा झालो. झाली नव्हती. पण माझ्यात काय असणार? हातगाडीवर बर्फ ओढून कारखाना उभा केला. अजून अख्खी लादी एकटा उचलतो.

१६ फेब्रुवारी
पाणी बदललं. शेवाळ वाढवलं. मादीला दुसऱ्या कोपऱ्यात आडोसा करून दिला.
शालन तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तिचंच किती बदलाल? एकदा नर बदलून बघा."
मी हसलो. ती हसली नाही.

२१ फेब्रुवारी
दुकानदाराने एसटीतून दुसरा नर पाठवला. जुन्याला लोणच्याच्या बरणीत हलवलं. तिथेही तो मालकासारखाच फिरतो.

१ मार्च
शेवाळात अंडी. साबुदाण्याहून कितीतरी बारीक, काचेसारखी. शालनला आधी दिसली. तिने मला हाक मारली, बोटाने दाखवली आणि भाकऱ्या थापायला गेली. बोलली असती तर मी भांडलो तरी असतो.

२ मार्च
कारखान्यात मन नाही.

९ मार्च
मशीनचा सुटा भाग आणायचा असं घरी सांगून कोल्हापूरला गेलो. तपासणीच्या खिडकीवरच्या पोराने मोठ्याने विचारलं, "काका, लग्नाला किती वर्षं?" बाकावरचे सगळे वळले. आयुष्यभर लोकांचं बोलणं कान देऊन ऐकलं. आज माझं ऐकायला नऊ जण होते.

१५ मार्च
रिपोर्ट आला. दोष माझ्यात आहे. शालनच्या पोटावर पहिल्या ऑपरेशनचे तीन व्रण आहेत.