फळीवरचा सॉसेजचा डबा

उषाक्का,

फळीवरचा सॉसेजचा डबा शोधू नको. तो घेऊन मी पुन्हा नदीवर चाललोय.

काल द्वारकाच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवला न्हाई. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं. तुम्ही सगळ्यांनी तिच्या आवडीची पुरणपोळी ठेवली होती. पण मी साहेबाच्या बंगल्यावरून हे डबे आणू लागलो, तेव्हापासून ती रोज भाकरीसंगं तेच धुरकट वासाचं मांस खायची. मागच्या चुलीवर तिखटात परतायची. पहिल्या दिवशी तिनं नाक दाबलं होतं. भावकीसमोर मला बायकोचं हे खाणं सांगवलं न्हाई.

तू जेवून घे. माझी भाकरी झाकून ठेव. कावळा शिवला तर येऊन खातो. ह्यालाही शिवला न्हाई, तर तिचं काय राहिलं ते मी कुणाला विचारू?

रामकिसन