सपाट रेघ

प्रिय क्लॉडेट,

चर्चच्या हॉलमधली सभा कशी झाली, असं तू रविवारी फोनवर विचारलंस आणि मी ‘कंटाळवाणी’ म्हणाले. खोटं होतं ते. सभा फार करमणुकीची झाली. दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाची जी मंडळी आपल्या बाल्टिमोरच्या पोरींची वजनं घेत आणि ‘वस्तीत भीती किती वेळा वाटते’ असे फॉर्म त्यांच्याकडून भरून घेत घरोघर फिरली होती, ती निकाल सांगायला आली होती. बूट असे लखलखीत, की आपल्या फुटपाथवर पाऊल न ठेवता थेट हॉलमध्ये उतरली असावी.

पडद्यावर दोन रेघा होत्या. गोऱ्या मुलींची वर चढत गेलेली: वस्तीची धास्ती जितकी जास्त, तितकं वजन जास्त. आपल्या मुलींची मात्र इस्त्री फिरवल्यासारखी सपाट. त्यावरून व्हिटकॉम नावाच्या त्या प्राध्यापकानं शोध लावला, की काळ्या मुलींच्या अंगाला वस्तीचा ताण लागतच नाही. गोळ्यांचा आवाज आमच्या पोरींना अंगाई वाटत असणार! मग त्यांची वजनं कशानं वाढतात? तर आम्ही आज्या मॅकरोनीत चीज फार घालतो. उपाय काय, तर नाचाचा वर्ग. एवढं शिकून हा माणूस माझ्या ओव्हनपर्यंत पोचला, आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत काही पोचला नाही.

एखाद्याची साल काढायची तर आधी उभं राहावं आणि ‘सर’ म्हणावं, हे आम्हाला शाळेत नन्सनी शिकवलं होतं. मी उभी राहिले. सर, मुली उत्तरं लिहीत होत्या तेव्हा खोलीत कोण होतं, एवढंच विचारलं. तो कौतुकानं म्हणाला, त्यांना धीर वाटावा म्हणून घरच्या बायकांना शेजारीच बसवलं होतं. सगळा हॉल हसला. मागून मिस ओपल म्हणाली, “कुणीतरी खुर्ची द्या गं त्या लेकराला.” लोक का हसले, हे त्याला अजून कळलं नसेल.

घरी येताना गाडीत मी तुझ्या रेनीला विचारलं, तू काय लिहिलं होतंस? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “सगळीकडे ‘कधीच नाही’. तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होतास ना, आजी.”

ठेवला होता. माझ्या लहानपणी घरात पुरुष असला की सरकारी मदत मिळायची नाही; म्हणून फॉर्म घेऊन येणारी बाई पुरुषाचे बूट शोधायला आमची कपाटं उघडायची. एक शब्द वावगा गेला की मदत बंद, कधी पोरंही उचलून न्यायची. तेव्हापासून परक्यासमोर घरातलं काही बोलायचं नाही, हा आपला नियम. व्हिटकॉम मूर्ख आहेच. पण ती रेघ त्यानं ओढलेली नाही. ती माझ्यासारख्यांनी ओढली.

आता खरं काय ते वाच. बसथांब्यावर शेजारच्या मुलाला गोळी लागली, तेव्हापासून रेनी पायी बाहेर पडलेली नाही. शाळेत मीच सोडते-आणते. घरी आली की सोफ्यावर बसते आणि मी तिच्या ताटात वाढत राहते, कारण खाताना तिचे हात थरथरत नाहीत. झोपते माझ्या बिछान्यात. वर्षभरात तीस पौंड वाढली. तेरा वर्षांची पोर जिना चढताना धापा टाकते. तू सैन्यात, तिकडे टेक्ससला. तुला उगाच घोर नको, म्हणून तिला मीच गप्प बसवलं. तुझ्या तळावर मुली शाळेत चालत जातात, असं तू लिहिलं होतंस. जूनमध्ये शाळा संपली की येऊन तिला घेऊन जा. मी भांडेन, पोर इथेच बरी आहे म्हणेन, तुला नाही नाही ते बोलेन. माझं एक ऐकू नकोस.

तुझीच हट्टी,
आई