अय्यण्णाच्या घरची दुनळी

देचू,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या, अय्यण्णाच्या घरची दुनळी बंदूक मी गुपचूप उघडली. कैलपोळद सणाच्या शस्त्रपूजेनंतर सगळे डुकराचं मटण हाणत होते, तेव्हा. "लंडनच्या साहेबानं आमच्या आजोबांना वाघ मारल्याबद्दल दिली," ही अय्यण्णाच्या बापाची फुशारकी ऐकूनच तुझे अप्पा पाघळले आणि लग्नाला हो म्हणाले ना!

नळ्यांखालचे शिक्के कागदावर उतरवून मडिकेरीच्या म्हाताऱ्या बंदूकवाल्याला दाखवले. तो खो खो हसला. "लंडन कुठलं रे, बोपू? बेल्जियमचा माल. कारागिराचं नाव मीसुद्धा कधी ऐकलं नाही."

मी नाचतच तुझ्याकडे आलो. तू म्हणालीस, "माहितीये. अय्यण्णानं पहिल्याच भेटीत सांगितलं. वाघही खोटा. पणज्यानं ती म्हैसूरला जुनी विकत घेतली." वर हसलीस, "तू कधी एवढं खरं बोललास का रे, माकडा?"

तेव्हापासून जळतोय. तुला मुलगा झाला की रीतीप्रमाणे त्याच दुनळीचा बार उडेल आणि आमच्या अंगणापर्यंत ऐकू येईल. त्या दिवशी मी गावात नसेन. कुठे जायचं, तेवढं ठरायचंय.

तुझा कुणीच न लागणारा,
बोपू